मदतीचे धान्य आणि बाजाराची नाडी

कुठे दुष्काळ पडला, कुठे पूर आला की श्रीमंत देशांतून धान्याची जहाजे निघतात. वर्तमानपत्रांत गोण्यांचे फोटो छापून येतात. आपण बातमी वाचतो, "चांगले झाले" म्हणतो आणि पान उलटतो. पण ती गोणी कोणाच्या शेतातली होती, तिच्यावर भाडे किती चढले, ती कोणत्या महिन्यात पोहोचली आणि ती उतरल्यावर तिथल्या धान्यबाजाराचे काय झाले, हे प्रश्न फारसे कोणी विचारीत नाही. खरे पाहता हे प्रश्न व्यापाऱ्याचेच आहेत. आम्ही कापडाच्या धंद्यातले, धान्याची आडत आमची नाही. तरी भाव, भाडे, साठा, उधारी आणि वेळेवर माल पोहोचणे या गोष्टी प्रत्येक धंद्यात सारख्याच असतात. म्हणून आंतरराष्ट्रीय अन्नमदतीचा हा विषय आम्ही आज या पानावर घेतला आहे. त्यासाठी आपल्या शेजारच्या बांगलादेशाचे उदाहरण घेतले आहे. कारण या मदतीचे बरेवाईट असे सगळे रंग त्या एका देशाने पाहिले आहेत.

पडून राहिलेला माल

प्रथम या मदतीचा उगम पाहू. १० जुलै १९५४ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी एका कायद्यावर सही केली. आपल्याकडे हा कायदा 'पी. एल. ४८०' या नावाने ओळखला जातो. त्या काळी अमेरिकेत गहू आणि मका गरजेपेक्षा जास्त पिकत होता. सरकारी गोदामे भरली होती आणि साठवणुकीचा खर्च वाढत होता. तो माल परदेशात सवलतीने किंवा फुकट द्यावा, त्यातून भुकेल्यांचे पोट भरावे, आपल्या शेतकऱ्याचा भाव टिकावा आणि पुढे त्या देशांत आपल्याला गिऱ्हाईकही तयार व्हावे, असा तिहेरी हिशेब त्यामागे होता. यात दया नव्हती असे आम्ही म्हणत नाही. पण दया आणि धंदा एकाच गोणीत भरलेले होते, हे लक्षात ठेवले पाहिजे.

या कायद्याखाली भारताचा पहिला करार १९५६ साली झाला. १९६५ व १९६६ ही लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. १९६६ मध्ये देशाला सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले आणि त्यातील बहुतेक अमेरिकेचे होते. त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन भारताचे धोरण पाहून थोडे थोडे धान्य सोडीत असत. जहाज लागले की रेशन दुकानात गहू येई. लालबहादूर शास्त्रींनी देशाला सोमवारी एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले ते याच काळात. पुढे १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी यांची आठवण आपल्याकडील वडीलधारी मंडळी नेहमी काढीत. त्या मिलोने माणसे जगली, पण तिची चव कोणी गोड मानून घेतली नाही.

गोण्यांचा सौदा आणि अडकलेली जहाजे

आता बांगलादेशाकडे वळू. १९७१ च्या डिसेंबरात हा देश स्वतंत्र झाला. युद्धाने रस्ते, पूल, बंदरे मोडली होती. परकीय चलन मिळवून देणारा माल एकच, तो म्हणजे ताग आणि तागाच्या गोण्या. या नव्या देशाने क्यूबाला सुमारे ४० लाख गोण्या विकल्या. व्यापार म्हणून पाहिले तर साधा सौदा. गिऱ्हाईक आले, माल दिला.

परंतु अमेरिकेच्या अन्नमदतीच्या कायद्यात एक कलम होते. क्यूबाशी व्यापार करणाऱ्या देशाला ही मदत मिळणार नाही, असे ते कलम सांगत होते. १९७४ साली बांगलादेशापुढे हे कलम ठेवण्यात आले. त्याच वर्षी जूनपासून ब्रह्मपुत्रेला मोठे पूर आले होते. सरकारजवळ परकीय चलन उरले नव्हते, उधारीवर कोणी धान्य देईना आणि परदेशी धान्य कंपन्यांशी ठरलेले सौदेही रद्द झाले होते. अखेर बांगलादेशाने क्यूबाशी पुढचा व्यवहार थांबविला. त्यानंतर अमेरिकी धान्याचा मार्ग मोकळा झाला. पण ते पोहोचेपर्यंत दुष्काळाचा सर्वात वाईट काळ उलटून गेला होता.

आमच्या धंद्यात ईद उलटल्यावर आलेल्या मालाला काय किंमत येते, हे प्रत्येक दुकानदाराला ठाऊक आहे. तेथे तर प्रश्न माणसांच्या जिवाचा होता. सरकारी आकड्याप्रमाणे त्या दुष्काळात सुमारे २६ हजार माणसे मेली. अभ्यासकांचे अंदाज याहून फार मोठे, लाखांच्या घरातले आहेत. त्या शरद ऋतूत देशभर जवळजवळ सहा हजार लंगरखाने उघडावे लागले आणि एका वेळी ४३ लाखांहून अधिक लोक त्यांवर जगत होते.

धान्य होते, विकत घेण्याची ताकद नव्हती

येथपर्यंत वाचून कोणालाही वाटेल की धान्य आले नाही म्हणून माणसे मेली. गोष्ट एवढी सरळ नाही. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या दुष्काळाचा हिशेब मांडला आहे. त्यांना असे आढळले की १९७१ ते १९७५ या वर्षांत माणशी उपलब्ध धान्य सर्वात जास्त होते ते १९७४ सालीच. रंगपूर, मैमनसिंग आणि सिल्हेट हे जिल्हे सर्वात जास्त भरडले गेले. पण माणशी धान्याच्या हिशेबाने ते इतरांपेक्षा वाईट स्थितीत नव्हते.

मग घडले काय? पुराने शेते बुडाली तेव्हा लावणीचे काम गेले. शेतमजुराची रोजी बंद झाली. नवे पीक हाती यायला अजून काही महिने होते, पण पीक कमी येणार या धास्तीने तांदूळ आजच महाग झाला. जास्त झळ बसलेल्या काही जिल्ह्यांत जुलै ते ऑक्टोबर या तीन महिन्यांत भाव दुप्पट झाला. एका बाजूला मजुरी नाही, दुसऱ्या बाजूला भाव दुप्पट. दुकानात तांदूळ होता, पण मजुराच्या गाठीला पैसा नव्हता. लंगरखान्यात आलेल्यांत सर्वात मोठी संख्या अशा मजुरांचीच होती.

आणि येथे व्यापाऱ्याने आपल्याकडेही पाहिले पाहिजे. मार्टिन रॅव्हॅलियन या अर्थशास्त्रज्ञाने त्या काळातील भावांचा अभ्यास केला. पुढे फार मोठी टंचाई येणार, अशी बाजाराची समजूत झाली आणि गरजेपेक्षा जास्त साठा धरून ठेवला गेला, असा त्याचा निष्कर्ष आहे. टंचाई होती त्यापेक्षा बाजाराने ती मोठी मानली. नवे पीक बाजारात येऊ लागल्यावर भाव उतरले. ज्यांनी चढ्या भावाच्या आशेने माल दाबून धरला त्यांचा अंदाज चुकला, पण तोवर मजुराच्या घरची चूल विझली होती. सरकारजवळ बाजारात ओतायला साठा नाही, मदतीचे जहाज अडकलेले, हे त्या बाजाराला कळत होते. म्हणजे अडकलेल्या जहाजाने दोनदा नुकसान केले. एक तर ते धान्य मिळाले नाही, आणि ते मिळणार नाही या बातमीने बाजारातले धान्यही महाग झाले.

१९९८ : पूर मोठा, पण दुष्काळ नाही

चोवीस वर्षांनी त्याच देशात याहून मोठा पूर आला. १९९८ च्या जुलैपासून सप्टेंबरपर्यंत देशाचा सुमारे दोन तृतीयांश भाग पाण्याखाली गेला. वीस लाख टनांच्या आसपास तांदळाचे नुकसान झाले. पुन्हा १९७४ होणार, अशी भीती होती. परंतु तसे झाले नाही.

याचे कारण मधल्या काळात काही गोष्टी बदलल्या होत्या. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला बांगलादेशाने खाजगी व्यापाऱ्यांना तांदूळ आयात करण्याची मोकळीक दिली. १९९४ साली भारतानेही तांदळाची निर्यात सैल केली. १९९८ च्या आरंभीच बांगलादेश सरकारने तांदळावरील आयात जकात काढून टाकली होती आणि पूर आल्यावर माल नाक्यावर अडू देऊ नये अशी व्यवस्था केली. त्यानंतर भारतातून ट्रक आणि रेल्वेने तांदूळ जाऊ लागला. हे काम दोनचार बड्या कंपन्यांनी केले नाही. शेकडो लहान व्यापाऱ्यांनी थोडा थोडा माल आणला. पुढच्या काही महिन्यांत खाजगी व्यापारातून वीस लाख टनांहून अधिक तांदूळ त्या देशात पोहोचला. भारतातील भाव, त्यावर भाडे आणि थोडा नफा, एवढ्यावर ढाक्याचा भाव बांधला गेला. साठा करून बसणाऱ्याला कळून चुकले की उद्या सीमेवरून आणखी ट्रक येणार आहेत. मग माल दाबण्यात फायदा उरला नाही.

सरकारनेही हात बांधून घेतले नाहीत. गरीब कुटुंबांना कार्डावर फुकट धान्य दिले आणि परदेशी मदतीचा गहूही आला. पण या वेळी मदत बाजाराच्या जोडीने चालली. बाजाराने भाव आवरला आणि ज्याच्याजवळ त्या भावानेही घ्यायला पैसा नव्हता त्याच्यासाठी कार्ड होते. हालअपेष्टा झाल्या नाहीत असे नाही. गरीब घरांनी मोठ्या प्रमाणावर कर्जे काढली, मुले खंगली. पण १९७४ सारखे मृत्यूचे थैमान झाले नाही. योगायोग असा की त्याच वर्षी अमर्त्य सेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या कहाणीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शेजाऱ्याचे दार उघडे असेल तरच हा मार्ग चालतो. ऑक्टोबर २००७ मध्ये भारताने साध्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली आणि पुढच्याच महिन्यात 'सिद्र' चक्रीवादळाने बांगलादेशाचा किनारा झोडपला. भारताने पाच लाख टन तांदूळ देण्याचे मान्य केले, पण ते मिळेपर्यंत बराच वेळ गेला आणि ढाक्यात भाव भडकले. म्हणून आपल्या सरकारने निर्यातबंदीचा निर्णय घेतला की तो केवळ आपल्या घरचा निर्णय राहात नाही. सीमेपलीकडच्या चुलीपर्यंत तो पोहोचतो.

भाड्याचा हिशेब

आता मदत देणाऱ्यांच्या खर्चाकडे पाहू. अमेरिकी कायद्याप्रमाणे मदतीचे बरेचसे धान्य अमेरिकेतच खरेदी करावे लागे आणि त्याचा ठराविक हिस्सा अमेरिकी झेंड्याच्या जहाजांतूनच न्यावा लागे. पूर्वी हा हिस्सा ७५ टक्के होता, २०१२ मध्ये तो ५० टक्क्यांवर आला. अमेरिकी संसदेच्याच हिशेब तपासणाऱ्या कार्यालयाने २००७ साली दाखवून दिले की सर्वात मोठ्या अन्नमदत कार्यक्रमात सुमारे ६५ टक्के खर्च भाडे आणि इतर व्यवस्थेवर होत होता. १०० रुपयांच्या मालात ६५ रुपये हमाली आणि भाडे, हा कोणत्या दुकानाचा ताळेबंद झाला? त्याच कार्यालयाने २००९ साली तुलना केली. जागतिक अन्न कार्यक्रमाने गरजू देशात किंवा त्याच्या शेजारी केलेली धान्यखरेदी अमेरिकेतून पाठविलेल्या धान्यापेक्षा आफ्रिकेत ३४ टक्के आणि आशियात २९ टक्के स्वस्त पडली होती. जहाजाने माल पोहोचायला चार ते सहा महिने लागत, तो वाचणारा वेळ वेगळाच.

खर्चापेक्षाही मोठा प्रश्न स्थानिक उत्पादकाचा आहे. फुकटचे धान्य नेमके सुगीच्या तोंडावर उतरले तर शेतकऱ्याला भाव कोण देणार? प्रत्येक वेळी असे होते असे नाही. भर टंचाईत आणि खरोखर भुकेल्याच्याच हातात पडलेले धान्य बाजाराला धक्का देत नाही, कारण त्या माणसाने एरवी खरेदी केलीच नसती. बिघडते ते वेळ चुकली आणि माणूस चुकला म्हणजे.

आमच्या कापडधंद्यातील एक दाखला देण्याजोगा आहे. युरोप-अमेरिकेत लोक जुने कपडे दान करतात. त्यांतील पुष्कळ कपडे गठ्ठ्यांनी आफ्रिकेच्या बाजारात विकले जातात. त्या भावात तेथील शिंपी आणि गिरणी टिकू शकत नाही. रुवांडाने २०१६ साली या जुन्या कपड्यांवरील जकात किलोमागे २० सेंटवरून अडीच डॉलरवर नेली. त्यावर अमेरिकेने २०१८ मध्ये रुवांडाच्या तयार कपड्यांची जकातमाफीची सवलत स्थगित केली. जुने कपडे देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण दिलेल्या वस्तूने घेणाऱ्याच्या गावातील कारागिराचे काय होते, हे कोणी पाहिले नाही.

छावणीतील दुकान

या बाबतीत जगाने काही शिकले आहे. कॅनडाने २००८ मध्ये आपल्याच देशातील धान्य पाठविण्याची अट पूर्णपणे काढून टाकली. १९६१ साली स्थापन झालेला आणि २०२० चे नोबेल शांतता पारितोषिक मिळालेला जागतिक अन्न कार्यक्रमही आता धान्यासोबत रोख पैसा आणि खरेदीची कार्डे देतो. त्याचे उदाहरणही बांगलादेशातच आहे.

ऑगस्ट २०१७ पासून म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या जीव वाचवून कॉक्स बाजार भागात आले. आधीचे धरून त्यांची संख्या दहा लाखांच्या आसपास गेली. सुरुवातीला त्यांना तांदूळ, डाळ आणि तेल मिळे. रोज तेच खाऊन भागत नाही, म्हणून लोक त्यातील थोडे विकून मासळी, भाजी, मिरची घेत. विकताना भाव पडून मिळे आणि त्यात त्यांचेच नुकसान होई. पुढे कार्ड आले. छावणीतील दुकाने स्थानिक बांगलादेशी व्यापारी चालवितात. कुटुंबाच्या कार्डावर दरमहा रक्कम जमा होते आणि बाई आपल्या घराच्या गरजेप्रमाणे तांदूळ, अंडी, भाजी निवडते. तिला गिऱ्हाइकाचा मान मिळतो, दुकानदाराला धंदा आणि आसपासच्या शेतकऱ्याला उठाव मिळतो.

पण कार्ड चांगले असले तरी त्यात पैसा पाहिजे. २०२३ साली देणगी आटली. मार्चमध्ये माणशी दरमहा १२ डॉलरचे १० झाले आणि जूनमध्ये ८. आठ डॉलर म्हणजे दिवसाला २७ सेंट. त्या वर्षाच्या अखेरीस छावण्यांतील मुलांच्या तीव्र कुपोषणाने १५ टक्क्यांची धोक्याची रेषा ओलांडली. पुढच्या वर्षी रक्कम पुन्हा वाढविली गेली. मार्च २०२५ मध्ये ती ६ डॉलरवर आणण्याची घोषणा झाली होती. ऐन वेळी पैसा मिळाला म्हणून ते टळले. त्याच वर्षी १ जुलै रोजी अमेरिकेची परदेशी मदत देणारी 'यूएसएड' ही संस्था बंद करून तिचे उरलेले काम परराष्ट्र खात्याकडे देण्यात आले. जगातील सर्वात मोठ्या देणगीदाराने हात आखडता घेतला की त्याचा पहिला घाव अशा छावणीतील मुलावर बसतो.

अगदी खंगलेल्या मुलाला भातडाळ पुरत नाही. त्याच्यासाठी शेंगदाणा, दूध पावडर, तेल आणि साखर यांची जीवनसत्त्वे घातलेली पेस्ट पाकिटातून दिली जाते. १९९६ च्या सुमारास फ्रान्समध्ये ती तयार झाली. ढाक्यातील अतिसार संशोधन केंद्राने हरभरा आणि तांदूळ-डाळ वापरून अशीच पेस्ट बनविली आहे. औषधासारखी ही वस्तू जवळच्या कच्च्या मालातून बनली, तर मूल वाचते आणि तिचा पैसाही त्याच देशात फिरतो.

आपण काय करावे?

हे सर्व वाचून आमचे बांधव म्हणतील, एवढ्या मोठ्या जगात आमच्या दुकानाचा काय संबंध? संबंध आहे. आपल्याकडे कोठेही पूर किंवा भूकंप झाला की बाजारपेठेतून वर्गणी जमते, ट्रक भरले जातात. हेतू नेक असतो. मोठ्या देशांच्या कारभारातून या छोट्या ट्रकासाठीही काही गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, आपद्ग्रस्त भागातील बाजार चालू आहे की बंद, हे आधी विचारावे. बाजार वाहून गेला असेल तर पहिले काही दिवस धान्य आणि शिजवलेले अन्नच पाठवावे. बाजार उघडा असेल तर रोख रक्कम द्यावी, किंवा तेथल्याच दुकानदाराकडून माल घेऊन द्यावा. त्याचेही दुकान पाण्यात गेलेले असते.

दुसरी गोष्ट, आपल्याकडे जे पडून आहे ते देऊ नये, त्यांना जे लागते ते द्यावे. मदत केंद्रांबाहेर भिजत पडलेले जुन्या कपड्यांचे ढीग कापडाच्या धंद्यातील माणसाने पाहिलेले असतात. त्यापेक्षा नव्या साध्या कापडाचा एक तागा बरा, आणि तो शिवण्याचे काम तेथल्याच शिंप्याला दिले तर आणखी बरे.

तिसरी गोष्ट, वेळ. आज निघालेले अर्धे पोते सहा महिन्यांनी येणाऱ्या दहा पोत्यांपेक्षा मोलाचे असते.

आणि शेवटची गोष्ट आपल्या स्वतःच्या गोदामाविषयी. टंचाईच्या दिवसांत माल दाबून धरणारा आणि सीमेवरून ट्रक आणून भाव उतरविणारा, दोघेही व्यापारीच होते. दोघांजवळ तराजू होता, दोघांनाही नफा हवा होता. १९९८ साली तांदूळ आणणाऱ्यांनी तो फुकट आणला नव्हता. त्यांनी रास्त नफा घेतला आणि लोकही जगले. दानासाठी हात मोकळा असावाच. पण ज्या बाजारात आपण रोज बसतो, तेथे टंचाईच्या दिवसांत माल खुला ठेवणे आणि भाव रास्त ठेवणे ही मदतही लहान नाही, आणि तिच्यासाठी कोणत्याही परदेशी जहाजाची वाट पाहावी लागत नाही.